तातेरावांचे तीन ठिपके

जालन्यात औरंगाबाद रोडवरच्या शेडमध्ये मी तातेरावांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. जीपच्या इंजिनाला बिडाचा मॅनिफोल्ड असतो. धूर त्यातून सायलेन्सरकडं जातो. आमच्या रस्त्यांवर तो तडकायचा आणि कंपनीचा नवा लवकर मिळायचा नाही. म्हणून आम्ही पाइप जोडून मॅनिफोल्ड बनवायचो.

पाइप आला की तातेराव तो आधी हातात तोलत, मग हातोडीनं ठोकत. आवाज फुटका आला की पाइप बाहेर. फर्निचरचा पातळ पाइप तर ते शेडमध्येही येऊ देत नसत. वेल्डिंग झालं की खपली झाडायची, जोड आपोआप थंड होऊ द्यायचा. पाणी मारलेलं त्यांना चालायचं नाही. मग जोडावर बाहेरून खडूचं पाणी फासायचं, ते वाळलं की तोंडं बंद करून आत रॉकेल भरायचं आणि अर्धा तास थांबायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी खडूवर काळपट डाग उमटायचा. डाग नसेल तर तातेराव फ्लँजवर, म्हणजे इंजिनाला बोल्टनं बसणाऱ्या जाड पट्टीवर, टोकदार पंचनं तीन ठिपके मारत. चंदेरी रंग त्यानंतर.

जाफराबादपर्यंतचे ड्रायव्हर ते ठिपके बोटानं चाचपून बघत.

शहात्तर साली भीमजयंतीच्या आदल्या दिवशी त्यांचा भाचा भुजंग आला. त्याच्या जीपचा मॅनिफोल्ड तडकला होता. सकाळी जाफराबादहून माणसं जालन्याला मिरवणुकीला आणायची होती. तातेरावांनी जोड मारला आणि ते भाकरी खायला गेले. भुजंग माझ्या मागं लागला, "रंग तरी मारून ठेव ना, तेवढंच काम उरकंल." मी मारला. भट्टीजवळ धरून वाळवलाही.

तातेराव आले, चंदेरी जोड बघितला.

"रंग कुणी मारला?"

"मी."

"इतकी वर्षं काय शिकला रे तू? रंगानं भोक बुजतं. आता रॉकेल काय सांगंल, कपाळ?"

"मंग काय करायचं?"

"जाळून काढायचा. घासायचा. थंड करून पुन्हा बघायचं."

भुजंग म्हणाला, "मामा, दिवस बुडून राह्यला. जोड तुमच्याच हातचा हाय ना? का तुमचाच तुम्हाला भरोसा न्हाई?"

तातेरावांनी रंगावरच खडू फासला, रॉकेल भरलं. अर्धा तास खडू पांढराच राहिला. त्या पांढऱ्याला काही अर्थ नव्हता. ते मलाही कळत होतं, त्यांनाही. तरी त्यांनी पंच उचलला.

तीन ठिपके.

दुसऱ्या दिवशी राजूरच्या अलीकडं जीप पेटली. तापून रंग जळाला, भोक उघडं पडलं आणि त्यातून निघालेली धग पेट्रोलच्या नळीवर गेली. माणसं उड्या मारून वाचली. भुजंगनं बॉनेट उघडलं. त्याचे दोन्ही हात भाजले.

तातेरावांनी तो मॅनिफोल्ड सोडवून शेडवर आणला, घासला, खडू फासला, रॉकेल भरलं. पाच मिनिटांत ज्वारीच्या दाण्याएवढा डाग आला. ते तो मोठा होत जाताना बघत बसले. मी म्हणालो, "रंग मी मारल्ता." त्यांनी बोटानं फ्लँजवरचे ठिपके चाचपले.

चार महिन्यांनी भुजंग शेडवर आला. बोटं वाकडी झाली होती, स्टिअरिंग धरता येत नव्हतं.

"मामा, घाई माझीच व्हती."

"ठिपके माझे व्हते," तातेराव म्हणाले.

काम त्यांनी सोडलं नाही. जोड पूर्वीसारखाच मारत, रॉकेलही भरत. पण पंच पुन्हा हातात घेतला नाही. ड्रायव्हर फ्लँज चाचपायचे आणि विचारायचे, "तातेराव, ठिपके कुठंत?"

ते गिऱ्हाइकापुढं स्टूल सरकवत. "बस इथं. अर्धा तास खडूकडं बघ. मी सांगतो म्हणून नेऊ नको."

बरेच जण बसायचे नाहीत. पुढच्या शेडमध्ये जायचे.