म्हाताऱ्या घोड्याचा पाव

ते प्रकरण आठवलं की आधी धुकं दिसतं. मग त्यातून सावकाश उतरणारे घोडे, आणि लाँड्रीच्या दारातून निघणारी वाफ.

२००४ चा हिवाळा नुकताच लागला होता. टेक्सासमधल्या एका काउंटीत शेरीफच्या कार्यालयात मी डिटेक्टिव्ह होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. तिच्याच जोरावर तिथवर पोचलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आमच्या हद्दीत एक गेस्ट रँच होतं. शहरातले लोक येऊन राहायचे, घोड्यावर बसायचे. एका सकाळी तिथून फोन आला. शुगर लँडहून आलेल्या एका मराठी काकूंच्या सोन्याच्या पाटल्या केबिनमधून गेल्या होत्या. मॅनेजरने संशयित ठरवूनच ठेवली होती : चादरी बदलणारी लाँड्रीतली बाई. शिवाय घोडे सांभाळणाऱ्याने खबर दिली, "एप्रनमध्ये काहीतरी गुंडाळून ती तबेल्यामागे गेली. मी बघितलं."

मी लाँड्रीत गेलो. ड्रायर घुमत होते, पांढऱ्या चादरी वाफेत तरंगल्यासारख्या दिसत होत्या. बाई घड्या घालत होती. मी विचारलं, "तबेल्यामागे काय नेलंस?"

"काही नाही."

तिचे हात थांबले. खोटं बोलणारा माणूस सहसा हातांना काम देतो, हिचे थांबले. मी पुन्हा तेच विचारलं. शेवटी ती म्हणाली, "शिळा पाव. म्हाताऱ्या घोड्यासाठी. स्वयंपाकघरातून काही नेलं तर इथे नोकरी जाते, साहेब. घरी दोन मुलं आहेत."

"दाखव."

तबेल्यामागे तिने हलकी शीळ घातली. धुक्यातून एक पांढुरका घोडा आला आणि थेट तिच्या एप्रनच्या खिशात नाक खुपसून उभा राहिला. त्याची साक्ष मला पुरली. पण पाटल्या सापडल्याशिवाय मॅनेजरला ती पुरणार नव्हती.

काकूंकडे गेलो. मराठी पोलीस बघून त्या चकितच झाल्या. "अगंबाई, कुठला रे तू?"

"नागपूरचा. काकू, उठल्यापासून काय काय केलंत, सगळं सांगा."

"सांगितलं की! आंघोळीला जाताना बेसिनवर काढून ठेवल्या."

"त्याआधी?"

शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "आई पहाटेच किचनमध्ये घुसली होती. मी म्हटलं, आई, तू गेस्ट आहेस, रिलॅक्स कर! ऐकेल तर शपथ."

"अरे, एवढ्या लोकांचा नाश्ता, आणि तो कुक एकटा! मीच म्हटलं, पुऱ्यांचं पीठ मळून देते."

मळून देते. माझ्या डोळ्यांपुढे नागपूरचं एक स्वयंपाकघर आलं. तिथे माझी आई पोळ्या करायला जायची. मळायला बसताना त्या घरच्या बाई बांगड्या काढून पिठाच्या डब्यात खुपसायच्या. एकदा विसरल्या, आणि झडती माझ्या आईची झाली.

"काकू, मळताना पाटल्या हातात होत्या?"

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. मग तडक स्वयंपाकघराकडे निघाल्या.

स्वयंपाकघरात मैद्याचं कमरेएवढं पिंप होतं. मी कोपरापर्यंत हात घातला. खिडकीतल्या उन्हात पीठ उडालं, आणि त्यातून दोन पाटल्या वर आल्या.

"हात आपोआप गेला रे," काकू पुटपुटल्या. "आणि मी त्या बिचारीवर..." त्या तशाच लाँड्रीकडे निघाल्या. बाईचे दोन्ही हात धरून मराठीतच माफी मागत राहिल्या. भाषांतर करायची वेळ माझ्यावर आली नाही.

निघताना बाईने मला गाठलं. "घोड्याचं मॅनेजरला सांगणार?"

तपास तक्रारदाराच्या हातांपासून सुरू करायचा, आणि गरिबाची झडती सगळ्यात शेवटी घ्यायची, हे मी त्या दिवशी शिकलो. सगळ्या सेवेत माझे अहवाल चोख असायचे. त्यात एकच अपुरा आहे. त्यात पिंप आहे, पाटल्या आहेत. पाव कुठेच नाही.