डॉक्टरला न सापडलेली दुखणी

सहा मशिनी आणि दहा-बारा बायका एका खोलीत आल्या, की ब्लाऊज कमी आणि किस्से जास्त तयार होतात! कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पत्र्याच्या खोलीत माझा शिवणक्लास होता, तेव्हाचं सांगते. गल्लीत अजून टीव्ही आला नव्हता. करमणूक म्हणजे आम्हीच एकमेकींची.

गंमत अशी, की निव्वळ शिवण शिकायला फार थोड्या आल्या. कुणाचं डोकं उठायचं, कुणाला झोप नाही, कुणाचे हात कापायचे. डॉक्टर तपासून म्हणायचे, "काही नाही." आता काही नसताना माणूस एवढा आजारी कसा पडेल हो?

पहिली पेशंट मीच. आमचे हे ट्रक घेऊन गेले, ते घाटातच राहिले. दहावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि माझं पोट दुखायला लागलं. असं, की सरळ उभं राहता येईना. एक्सरे झाला, मिक्श्चर झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यांच्या पोटात काहीच नाही."

शेजारी माझी नणंद बसलेली. ती उसळली, "असंल कसं? चार महिनं धड जेवल्याली न्हाय ती! एकटीपुरतं कोण रांधतंय?"

डॉक्टरांनी लिहायला घेतलेली चिठ्ठी बाजूला ठेवली. "मग एकटीला जेवू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी नणंद स्वतःचं मशीन हातगाडीवर घालून माझ्याकडे आली. वर पातेलंभर आमटी! क्लास असा सुरू झाला.

*

मग आली अक्काताई. शिरोळकडची जैन घरातली बाई. कृष्णेच्या पुरात घर पडलं, दावणीची जनावरं गेली, आणि ही दोन दिवस शाळेच्या छपरावर बसून होती. त्यानंतर कोल्हापुरात भावाकडे राहायला आली. बाई तशी धडधाकट. पण पावसाचा आवाज आला की हिचा श्वास कोंडायचा, तळहाताला पाणी सुटायचं. आणि आमच्या डोक्यावर पत्रा!

एका दुपारी धाडधाड सर आली. अक्काताई उठली ती थेट कटिंगच्या टेबलावर चढली. वर बसून थरथरतेय. कुणाला काय करावं सुचेना. आमच्यात हसीनाआपा वयानं मोठ्या, काजं करण्यात पटाईत. त्या ओरडल्या, "बघत काय बसलाय? मशिनी चालवा की समद्या!"

सहा मशिनी एकदम सुटल्या. कापड नाही, दोरा नाही, नुसतं पायडल! असा खडखडाट, की पाऊस ऐकूच येईना. हळूहळू अक्काताई खाली उतरली. पुढच्या पावसाला ती स्वतः मशीनवर बसली. त्याच्या पुढच्यालाही.

श्रावणात एकदा सगळ्या थांबल्या तरी ही आपली मान खाली घालून शिवतेच आहे. आपांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, "अक्काताई, पाऊस कवाच थांबला."

तिनं वर पाहिलं. "आलता व्हय?"

*

सुलोचनाचा नवरा मारायचा. तिच्या अंगावरचे वळ आम्हाला दिसायचे, विचारलं की "जिन्यावरनं पडले." पण हात लपवता येत नव्हते. इतके कापायचे, की सुईत दोरा ओवता येत नव्हता. महिनाभर मीच ओवून द्यायची. ती ओशाळी व्हायची, मग हात आणखी कापायचे. शेवटी ती माहेरी निघून आली आणि तिथून क्लासला येऊ लागली.

एक दिवस नवरा दारात. "चल घरला! मशिनीवर बसून कलेक्टर हुणार हाईस व्हय?"

खोलीतल्या मशिनी थांबल्या. मी उठणार, तेवढ्यात सुलोचना उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "न्हाय येत."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं आत पाय टाकला, तशा आम्ही अकरा जणी उभ्या राहिलो. गडी आमच्याकडे बघत मागं सरकला, पायरीवर अडखळला आणि शिव्या घालत गेला.

सुलोचना परत जागेवर बसली. मान खाली घालून सुईशी खटपट करू लागली. एकदम तीच ओरडली, "बाई, गेला! गेला!"

मी म्हटलं, "अगं, मगाशीच गेला की नवरा."

"न्हाय ओ! दोरा!"

*

सगळ्याच दुखण्यांना मशीन पुरलं, असं मात्र नाही. विमलचं बाळ पोटातच गेलं. नंतर तिला ते रडताना ऐकू यायचं. शिवता शिवता उठून दारापर्यंत जायची. आम्ही गप्पा मारल्या, हसवलं, खाऊ घातलं. काही उपयोग झाला नाही. मग मी आणि तिची आई तिला मिरजेच्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. एसटीत तिची आई पदर तोंडावर ओढून बसलेली, कुणी ओळखीचं बघायला नको म्हणून.

वेळ लागला, पण गोळ्यांनी गुण आला. विमल झोपू लागली, बोलू लागली. क्लासमध्ये चहाबरोबर उघड गोळी घ्यायची. एका नव्या बाईनं कुजबुजत विचारलं, "याडाची हाय व्हय?"

विमल म्हणाली, "व्हय. तुमची कसली?"

"माझी बीपीची."

"मग घ्या की. चहा गार हुतोय!"

*

आणि ताराबाई. एकुलता एक पोरगा लढाईत गेला. तार वाचून दाखवली तेव्हा ताराबाई उंबऱ्यात बसल्या, त्या परत उठल्याच नाहीत. पायातला जोर गेला. डॉक्टर टाचणी टोचून बघायचे, म्हणायचे पाय चांगले आहेत. पण पाय उचलत नव्हते, त्याला काय करायचं? त्यांची तरुण सून, शालन, त्यांना खुर्चीत बसवायची आणि आम्ही चौघी ती खुर्ची उचलून समोरच्या घरातून क्लासला आणायचो. पायडल जमणार नाही म्हणून त्यांना हातानं फिरवायचं मशीन दिलं.

तीन वर्षांनी शालनला एका शाळामास्तरांनी मागणी घातली. ताराबाईंनी होकार दिला. लग्नाचा ब्लाऊजही त्यांनीच शिवला. भावकीत मात्र आग लागली.

लग्नाच्या सकाळी शालन तयार होऊन क्लासमध्ये सासूच्या पाया पडायला आली. बाहेर रिक्षा उभी. तेवढ्यात ताराबाईंचा धाकटा दीर आला आणि दारात आडवा उभा राहिला. "शहिदाची बायको दुसऱ्याच्या घरात? ही पोरगी हितनं हलायची न्हाय!"

ताराबाई म्हणाल्या, "भाऊजी, वाट सोडा."

तो हसला. "वैनी, उठा की मग! या, बाजूला करा मला!"

ताराबाईंनी मशीनवर दोन्ही हात टेकले. आणि उठल्या.

एक पाऊल. मग दुसरं. पाय लटपटत होते, पण पुढं पडत होते. त्यांनी शालनचा हात धरला आणि चालत दिराच्या पुढ्यात आल्या. भिंतीला धरत तो बाजूला सरकला. सासू-सून पायऱ्या उतरून रिक्षाकडे निघाल्या.

मला भीती, की या मध्येच कोसळतील. मी मागून ओरडले, "ताराबाई, थांबा! खुर्ची आणते!"

त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"ती भाऊजीस्नी द्या! त्येंचं पाय गेल्यात!"