कात्रीच्या पाठीवरचे टाके

कात्रीला कात्री म्हणत ते काही तिच्या धंद्यामुळे नव्हे. शिवणकाम करणाऱ्या बायका गल्लीत आणखीही होत्या, पण एका वाक्यात माणसाचे दोन तुकडे करायची कला हिचीच. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, जरा सैल ठेवा," की ही म्हणायची, "तू जीभ आवळ, कापड मी बघते."

वस्तीतल्या चर्चच्या मंडळीत लग्नाचा पांढरा झगा एकच, आणि तो हिच्या ताब्यात. ज्या मुलीला नवा परवडत नसे तिनं सरळ हिच्या दारात यायचं, टेपपुढे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कात्री तोच झगा उसवायची, आत घ्यायची, सोडायची, आणि मुलगी वेदीपुढे राणीसारखी दिसायची. आभार मात्र तिला खपत नसत. लहानपणी अनाथाश्रमात पाहुणे आले की पोरींना मिळालेले जुने फ्रॉक चढवून रांगेत उभं करत, आभाराचं गाणं म्हणायला लावत. मग फोटो. देणारे मधोमध, दात काढून. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की घेणाऱ्याची मान आपण कधी खाली घालायला लावायची नाही, आणि आपण स्वतः कधी कुणाकडून काही घ्यायचं नाही. पहिली गोष्ट शंभर नंबरी. दुसरीत चांगलीच गुर्मी होती, पण तिला सांगणार कोण? पात्यांमध्ये बोट कोण घालणार?

पन्नाशी उलटल्यावर तिच्या आयुष्यात भट्टीवाला आला. पाव भाजणारा, विधुर, बोलण्यात कंजूष. दर आठवड्याला फाटका खिसा घेऊन हजर. शेवटी ती वैतागली. "खिशात उंदीर पाळलेत काय हो?"

"नाही," तो म्हणाला. "धीर जमवतोय."

पुढचं सगळं मग तिनंच बोलून टाकलं.

तर लग्नाची सकाळ. चर्चला लागून एक खोली, मोडक्या बाकांची आणि गायकांच्या टांगलेल्या जांभळ्या झग्यांची. तिथे आरशासमोर कात्री उभी, आणि पाठीवर झगा मिटेना! तळहात जाईल एवढी फट. अख्ख्या वस्तीची मापं तोंडपाठ असलेल्या बाईनं स्वतःचं माप आठवणीवरून धरलं होतं, आणि ती आठवण होती तिशीतली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, शिंपी त्याला माया म्हणतात, तीही पाठ सडपातळ दिसावी म्हणून तिनं आधीच छाटून टाकलेली. आधी घालून बघायला काय झालं होतं? छे! स्वतःचा अंदाज तपासायचा म्हणजे अपमानच की.

खोलीत दोघीजणी होत्या. एक नर्स. दुसरी गाद्या शिवणारी, भट्टीवाल्याची थोरली बहीण, म्हणजे होऊ घातलेली नणंद. दोघींची लग्नं याच झग्यात झालेली.

"आण इकडे, मी शिवते," नर्स म्हणाली.

"खबरदार! तू माणसं शीव. या झग्याला माझ्याखेरीज कुणाची सुई लागलेली नाही."

"मग स्वतःच्या पाठीवर स्वतः शीव. बघू, हात पोचतो का."

हात पोचत नव्हता. तिनं दोनदा करून पाहिलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि मटकन बाकावर बसली. "सांगा जाऊन. लग्न नाही म्हणावं आज."

दाराबाहेरून भट्टीवाल्याचा आवाज आला, "मी थांबू ना?"

"थांबा तिथेच!" तिघी एकदम ओरडल्या.

मग नणंद कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहिली. "ऐक. माझ्या लग्नात माझ्या मापासाठी तू या झग्याचा तंबू केला होतास. मी घातला, नाचले, जेवले. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती का?"

"तुला कशाला लाज?"

"मग तुला कशाला? का इतकी वर्षं आमच्याकडे वरून बघत होतीस? तसं असेल तर तेही सांग, म्हणजे माझ्या भावाला मी घरी नेते."

कात्री बसल्या जागी झग्याची जुनी शिवण बोटानं चाचपू लागली.

एवढ्यात लग्न लावणारे पाळकसाहेब डोळ्यांवर हात धरून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दारातून सगळंच ऐकू यायचं. "प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसला," ते म्हणाले, "तेव्हा एक शिष्य असाच पाय आखडून बसला होता. धुणं सोपं असतं हो, बाई. धुवून घेणं जड जातं."

"प्रवचन नंतर करा," कात्री घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मध्ये घालायला कापड कुठाय?"

पाळकांनी खाली स्वतःच्या पायघोळ पांढऱ्या झग्याकडे पाहिलं.

"अहो, नाही! तो वेदीपुढचा झगा आहे!"

"वेदीपुढे मी जातो, तो माझ्याबरोबर येतो. गुडघ्यापर्यंत आला तरी वाट चुकणार नाही. कापा."

ती उठली आणि शिवायला त्या दोघींकडे पाठ केली. "सरळ रेषेत कापा तरी," एवढंच म्हणाली.

मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! नर्सनं जखम शिवावी तसं एकेक टाक्याला गाठ मारली आणि सवयीनं म्हणाली, "दीर्घ श्वास घ्या, अजिबात दुखणार नाही." नणंद दुसऱ्या बाजूनं दाभण घेऊन भिडली आणि गादी बसवावी तसे प्रत्येक टाक्यानंतर पाठीवर दणके घालू लागली.

"हे टाके आहेत की दोरखंड? आणि लग्नाआधीच पाठीत दाभण खुपसणारी नणंद मी पहिल्यांदा बघतेय!"

"हसू नकोस, उसवेल!"

"तू हसवू नकोस!"

तिघी हसून हसून रडकुंडीला आल्या. पाळक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचेही खांदे गदगदत होते.

चर्चमध्ये आधी पाळक शिरले. उकाड्यापायी आत अर्धी विजार, गुडघ्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. बाकांवरून खुसखुस पसरत गेली. मागून कात्री आली, मान ताठ, पाठ त्याहून ताठ, कारण ती वाकतच नव्हती. भट्टीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खिशात हात घातला. खिसा शाबूत होता; धीर पुरता जमला होता.

वचनं झाली. आशीर्वादासाठी गुडघे टेकायची वेळ आली. भट्टीवाला टेकला. कात्री अर्ध्यावर गेली आणि अडकली. नणंदेचे टाके गादीसाठी जन्मले होते, ते काही सोडेनात. ना खाली, ना वर.

जिनं उभ्या जन्मात कुणाला "जरा हात दे" म्हटलं नव्हतं, ती तशीच अर्धी वाकलेली मागे वळली. चेहरा लालबुंद. आणि तिनं छत दणाणेल असा आवाज लावला:

"बघत काय बसलात? या की, धरा मला!"

अर्धी मंडळी एकदम उठली, आणि बाकं धडाधड उलथली.