रबरी पोटाचं उद्घाटन

तमाम जनतेस कळवण्यात येते, की अंधेरीतल्या आमच्या मेडिकल कॉलेजात एका रबरी पोटाचं विधिवत उद्घाटन झालं. पोटाला हार घातला. कुंकू लावलं. नारळ फोडला, त्याचं पाणी थेट आतल्या कॅमेऱ्यात गेलं. मी टाळ्या वाजवल्या. मी तिथे सर्जरी शिकवते. टाळ्या वाजवणं नोकरीतच येतं.

हल्ली पोरांना सर्जरी नकोच असते. म्हणून हा थाट. रबरी कातडीवर टाके घाला, रबरी पोटात दुर्बीण घालून दाणे उचला. हाताला चटक लागली की होतील सर्जन. कल्पना झकास.

पण टेबलाशी आमचे विभागप्रमुख उभे. हातात टाके घालायचा चिमटा. तो देण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न.

"रँक?"

प्रवेशपरीक्षेतला रँक. मग आडनाव. मग चिमटा.

साकीनाक्याची एक मुलगी पुढे आली. पहिल्या वर्षापासून सर्जनच व्हायचं म्हणणारी. तिने हळूच रँक सांगितला.

"आरक्षणातून का? मग तू बघ. बघूनही शिकता येतं."

हातमोजे घातलेले हात तिने पाठीमागे नेले.

सर माझ्याकडे वळून गोड हसले. "मॅडम, जरा समजवा हिला. तुमच्यातलीच आहे."

तुमच्यातलीच! पोटं उघडता उघडता माझे केस पांढरे झाले. खरी पोटं, रक्ताची. आणि मी अजून 'तुमच्यातली'. विद्यार्थी असताना मलाही ऑपरेशन थिएटरच्या भिंतीशी असंच उभं केलं होतं. वाक्यसुद्धा हेच, 'बघूनही शिकता येतं.' अरे, इतक्या वर्षांत एखादं नवीन तरी सुचू द्या की!

एरवी अशा वेळी माझ्याकडे एखादा किस्सा तयार असतो. सगळे हसतात, विषय मिटतो. त्या दिवशी किस्सा आला नाही.

मी सरांच्या हातातून चिमटा घेतला. मागितला नाही. घेतला.

"सर, हे टेबल माझं. इथे रँक विचारायचा नाही. आडनावही नाही. विचारायचंच असेल तर बाहेर जा."

"मॅडम, महागात पडेल."

"पडू दे."

पडेलही. माझी बढती त्यांच्याच सहीवर अडलेली आहे. अडू दे. मी शिकवते त्या खोलीत यापुढे कुणालाही भिंतीशी उभं करू देणार नाही. समोर कोणीही असो.

चिमटा मी मुलीच्या हातात दिला. ती टेबलाशी बसली. पहिला टाका वाकडा गेला. तिने तो कापला, पुन्हा सुई घातली. सरांचा चेहरा लाल. काहीतरी हुकूम सोडणं भागच होतं त्यांना. "चला, वेळ संपला! अवजारं खाली ठेवा!"

सगळ्यांनी मुकाट ठेवली. ती मात्र मान वर न करता ओरडली, "थांबा ना सर, टाका अर्धा राहिलाय!"