कुमुदकाकूंची हजेरी

कुमुदकाकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी वाकून आपले बूट दाराकडे तोंड करून ठेवत. "निघताना सोपं पडतं गं," म्हणत. हे त्या पोटच्या मुलाच्या घरीही करत. निखिल ग्लासगोत आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या दारातल्या पसाऱ्यात तो एक जोड कायम निघायच्या तयारीत असे, आणि तो पाहिला की मलाच उगीच कुठेतरी उशीर झाल्यासारखं वाटे.

काका गेले आणि मुलांनी काकूंना लंडनमधलं हाउन्सलोचं घर विकायला लावलं. मग आईची वाटणी झाली: तीन महिने निखिलकडे, तीन महिने साउथहॅम्प्टनला मेधाकडे. दोघंही प्रेमळ आहेत, हे मुद्दाम सांगते. घालूनपाडून कुणी कधी बोललं नाही. पण काकूंची सूटकेस कधी पूर्ण रिकामी झाली नाही. विमानतळावर चेक-इनच्या नोकरीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेलेली. "आयुष्यभर लोकांच्या बॅगा तोलल्या, आता स्वतःचीच उचलत फिरतेय," असं म्हणायच्या आणि खोलीत येरझाऱ्या घालायच्या. चहासुद्धा उभ्यानेच.

त्यांना खाली बसवायची ती एक जपानी मालिका. जुन्या काळच्या एका सरदार घराण्याची. ती बघायला त्या मला वर बोलवत आणि इंग्रजी सबटायटल्स मोठ्याने मराठीत सांगत, जणू मला इंग्रजी वाचताच येत नाही. त्या सरदारांना एक वर्ष आपल्या गावी आणि एक वर्ष राजधानीत राहावं लागे, हजेरी द्यायला. बायकामुलं मात्र कायम राजधानीत, ओलीस. हे कळलं तेव्हा काकू अर्ध्या उठल्याच.

"अगं, हा माझ्यासारखाच की."

बुटांची खोडही तिथूनच उचललेली. सरदार कुणाकडे गेला की तिथला नोकर त्याची पायताणं दाराकडे वळवून ठेवी. "पाहुण्याचा मान असतो तो," काकूंनी मला समजावलं. मग रिमोटशी चाळा करत म्हणाल्या, "घरच्या माणसाची कोण कशाला वळवेल?"

यंदाच्या मार्चमध्ये आम्ही अशाच बघत बसलो होतो आणि स्वयंपाकघरात निखिलचा फोन स्पीकरवर होता.

"दादा, माझ्या किचनचं काम निघालंय. आईला इस्टरपर्यंत ठेवशील?"

"इस्टरला आम्ही स्पेनला आहोत मेधा, आय टोल्ड यू."

काकूंनी मालिका थांबवली. पडद्यावर सरदाराची मिरवणूक वाटेतल्या एका धर्मशाळेपाशी थबकली होती. "त्यांची निदान मिरवणूक तरी निघायची," त्या हळूच म्हणाल्या. मला राग आला होता, पण दुसऱ्याच्या घरात बोलायचं काय?

शेवटी निखिलने त्यांना ठरल्या दिवशीच साउथहॅम्प्टनला जायला आगगाडीत बसवून दिलं. बर्मिंगहॅमला गाडी बदलायची असते. काकू तिथे उतरल्या, पण पुढची गाडी पकडलीच नाही. संध्याकाळी निखिल फोन हातात धरूनच खाली आमच्याकडे आला.

"आई, धिस इज मॅड. आमचं घर आहे ना तुला?"

"आहेत की. दोन आहेत, तेच तर," पलीकडून काकूंचा आवाज आला. "इथे बर्मिंगहॅमलाच वयस्कर लोकांच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट घेतलाय भाड्याने. आता हजेरीला तुम्ही यायचं. आळीपाळीने, बायकामुलांसकट."

निखिल बरेच दिवस धुसफुसत होता. उन्हाळ्यात पहिल्या हजेरीला निघाला तो बायकामुलांशिवायच, आणि आधाराला मला घेऊन. फ्लॅट एवढासा, खिडकीखाली बसस्टॉप. सूटकेस कपाटावर चढली होती. काकू आमच्यासमोर चक्क बसून चहा प्यायल्या. निखिल मात्र सारखा घड्याळ बघत होता.

निघायला दारात आलो. काकूंच्या स्लिपर्स एक इकडे, एक तिकडे पडलेल्या. आमचे बूट शेजारी नीट लावलेले, दाराकडे तोंड करून.

"आपले शूज कुणी फिरवले?" निखिलने मला विचारलं.

"तुझ्या आईने. पाहुण्यांचा मान असतो तो."

एक बूट हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग बूट खाली ठेवून आत वळला.

"आई, अजून एक चहा टाकतेस?"

"टाकते की," काकू म्हणाल्या. "पण पाचच्या आत निघा हं. नंतर मोटरवेला गर्दी होते."