मध्ये मामा

"तिच्या चहात साखर जास्त टाक बे, तिले गोड लागते."

हा आवाज मामांचा. बुलढाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसखाली चहाची टपरी आहे आणि मामा खिडकीतून अर्धे बाहेर वाकून माझा चहा सांगत होते. मला साखर अजिबात आवडत नाही. मामांनी ते कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. चहा आला, मी प्यायले. ऑफिसात लागल्यापासून असंच चाललं होतं.

बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये जरा जागा रिकामी दिसली, की तिथे माझे मामा उभे असतात. हे सख्खे मामा नव्हेत, आईचे मामेभाऊ. पण सख्ख्यांना बाजूला सारून ते केव्हाच मध्ये येऊन बसले आहेत. एकदा जळगाव जामोदच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या बाई सुट्टे शोधत होत्या, तेवढ्यात मामांनी कंडक्टरला परस्पर सांगून टाकलं, "बाईले मोताळ्याले उतरायचं हाय." बाईंना जायचं होतं नांदुऱ्याला. पण मामांनी इतक्या खात्रीने सांगितलं होतं की त्या बिचाऱ्या मोताळ्याला उतरल्या आणि मागच्या बसने पुढे गेल्या. शेजारच्या काकांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी काय होतंय विचारायच्या आत मामा म्हणाले, "ह्याले झोप येत नाही." काकांचा दुखत होता गुडघा. गुडघा अजून दुखतो, पण त्या गोळ्यांनी झोप फार छान लागली असं काका स्वतः सांगतात. मामांना कोणाचं वाईट करायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन माणसं एकमेकांशी सरळ बोलू शकतात, एवढंच त्यांना कधी पटलेलं नाही.

याचा कळस झाला देऊळगाव राजा गावातल्या एका लग्नात. आमच्याकडे आहेर देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारतात. ज्यांना यायला जमणार नव्हतं त्या सगळ्या नातेवाइकांकडे मामा जीप घेऊन फिरले आणि त्यांचे आहेर गोळा करून आणले. स्टीलचे डबे, साड्या, टॉवेल-टोप्या, एका आत्याबाईंची तांब्याची घागर. माइकवाल्याने विचारलं, "कोणाकडून?" मामा म्हणाले, "आणलं कोणं? म्या." झालं. मांडवात बराच वेळ एकट्या मामांचंच नाव घुमत राहिलं. नवरीच्या आईला वाटलं, ह्यांनी वावर विकलं की काय. घागरवाल्या आत्याबाई त्या दिवसापासून मामांशी बोलत नाहीत. मामांना अजून कळत नाही की चुकलं काय. "सारं पोचलं ना जागेवर? मंग," एवढंच ते म्हणतात.

मामांनी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या कॉम्प्युटरच्या खोलीत काढली आणि निवृत्त झाल्यावर लोकांना कॉम्प्युटरचे प्रोग्राम करून देणारं हे ऑफिस थाटलं. माझं इंजिनीअरिंग संपलं तेव्हा आईने मला त्यांच्या हवाली केलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. चार माणसांत बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळतं, मग मी त्याचं मराठी करते, आणि तोवर विषय बदललेला असतो. मामांच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तेव्हापासून मीटिंगमध्ये मी त्यांच्या कानात सांगायचं आणि त्यांनी "ही म्हणते..." अशी सुरुवात करून मी न म्हटलेलं काहीतरी मोठ्याने सांगायचं, अशी आमची पद्धत पडली. खरं सांगायचं तर मला ती सोयीची होती.

आमच्या कामातही हीच वाटणी होती. मी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम आतल्या सर्व्हरवर चालतो. त्याच्यापुढे दुसरा एक वेब सर्व्हर असतो. बाहेरून जो कोणी येईल त्याला हा पुढचा भेटतो, त्याचं काम काय ते ऐकतो, आत जाऊन विचारतो आणि उत्तर बाहेर आणून देतो. आत कोण बसलंय हे बाहेरच्याला दिसतही नाही. हे मी मामांना पहिल्यांदा चित्र काढून समजावलं, तेव्हा हरवलेला भाऊ सापडावा तसे ते त्या मधल्या चौकोनाकडे बघत राहिले. "म्हणजे मधातला माणूस," ते म्हणाले. "हे माह्यं काम. तू मांगचं पाह्य."

त्या दिवसापासून पुढच्या सर्व्हरला मामांशिवाय कोणी हात लावत नाही. त्याच्या फाइलमध्ये बदल करण्याआधी ते चपला काढतात. जुन्या फाइलची प्रत ठेवतात, तिला नाव देतात 'जुनी'. पुढच्या वेळी तीच 'जुनीची आई' होते, मग 'जुनीची आजी'. सध्या पणजीपर्यंत आलं आहे. एका वेळी एकच ओळ बदलायची, मग गच्चीवर एक चक्कर मारून यायचं, मगच सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, असा त्यांचा नेम आहे. फाइलच्या मधोमध त्यांनी स्वतःच्या भाषेत एक टीप लिहून ठेवली आहे : 'ही ओळ काऊन आहे ते मले माहीत नाही, पण काढली का सारं बंद पडते.' मी इतक्या जणांचे प्रोग्राम वाचले, पण इतकी प्रामाणिक टीप कुठे पाहिली नाही. ती ओळ खरंच काढली तर काय होईल, ही उत्सुकता मी अजून दाबून ठेवली आहे.

मग भाजीवाल्यांचं काम आलं. देऊळगाव राजाच्या बाजूला मिरची, भेंडी, टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. उद्या किती क्रेट माल निघणार हे ज्याने त्याने मोबाइलवरून आदल्या दिवशी नोंदवायचं, म्हणजे गाडी तेवढीच मोठी बोलावता येते. तोवर हे सगळं अध्यक्षांच्या फोनवर आणि आठवणीवर चालायचं. आमच्याकडे ह्याएवढं मोठं दुसरं काम नव्हतं. हे गेलं असतं तर ऑफिस बंदच करावं लागलं असतं. आणि अध्यक्षांनी पहिल्याच सकाळी गटाच्या माल भरायच्या शेडमध्ये आम्हाला सांगून टाकलं, "आज चाललं त तुमचं. नाही त जालन्याची पोरं तयारच हायेत."

सुरुवात चांगली झाली. मग एक आजोबा पासवर्ड विसरले. त्यांनी नातवाचं नाव टाकून पाहिलं, मग बैलाचं, मग दुसऱ्या बैलाचं. इंटरनेटवर प्रत्येक फोनला स्वतःचा एक पत्ता असतो; एकाच पत्त्यावरून वारंवार चुकीचा पासवर्ड आला तर तो पत्ता थोडा वेळ बंद करायचा, असा नियम मीच आतल्या प्रोग्राममध्ये घातला होता. आजोबांच्या फोनवर नोंदणी बंद झाली, ते बरोबरच होतं. पण त्याच क्षणी शेडमधल्या सगळ्याच फोनांवर ती बंद झाली. पाठोपाठ दूरच्या गावांतून, शेतांतून अध्यक्षांना फोन यायला लागले. माझ्या शेजारचा एक जण स्क्रीन पुढे करून म्हणाला, "म्या त आजून हातबी नाही लावला, अन् मले म्हणते तुह्यं चुकलं."

मी लॅपटॉपवर आतली नोंद उघडली. आलेल्या प्रत्येक माणसापुढे एकच पत्ता होता, आमच्याच पुढच्या सर्व्हरचा. तो प्रत्येकाचं काम आत आणत होता, पण कोणाचं ते सांगत नव्हता. आतल्याला वाटलं, हा एकच माणूस सारखा चुकतोय, आणि त्याने दार लावून घेतलं.

"मामा," मी कानात म्हटलं, "सगळे पुढच्याच्याच पत्त्यावरून आलेले दिसतायत."

"ही म्हणते, नेटवर्क गेलं," मामांनी जाहीर केलं.

मी पुन्हा सांगितलं. "ही म्हणते, फोन बंद करून चालू करा." अख्ख्या शेडने फोन बंद केले. जरा शांतता झाली, तेवढाच फायदा.

अध्यक्ष वैतागले. "तिचं नीट आयकून तरी घे बावा. नाही त लावू का जालन्याले फोन?" त्यांनी खिशातून फोन काढलाही.

मामांच्या मनात थेट उतरेल असं काय आहे, ते मी शोधत होते. मग त्यांची बाही ओढली. "मामा, लग्नातला माइक. सगळ्यांचे आहेर, आणि नाव तुमचंच."

मामा चटकन माझ्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले. ते लॅपटॉपपुढे बसले, चपला काढल्या, जुन्या फाइलची प्रत ठेवली आणि पुढच्या सर्व्हरच्या फाइलमध्ये एक ओळ घातली : जो येईल त्याचा पत्ता त्याच्या कामासोबत आत पाठव. मी आतल्याला सांगितलं, की हा सांगितलेला पत्ता खरा मान, पण फक्त आपल्या पुढच्याने आणला तर. मामांनी ते वाचून मान हलवली. "हाव. नाही त कोणीबी कोणाचं नाव सांगीन." गच्ची नव्हती, म्हणून त्यांनी क्रेटच्या ढिगाला चक्कर मारली आणि सर्व्हर सुरू केला.

एकेक फोन उघडत गेला. आजोबांचा तेवढा बंद राहिला, आणि आपल्या एकट्याचाच बंद आहे याचा त्यांना थोडा अभिमानही वाटलेला दिसला.

अध्यक्षांनी फोन खिशात टाकला आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. "जमवलं बावा तू. राहू दे काम तुह्याकडंच."

"हाव," मामा म्हणाले. मग थांबले. "म्या नाही जमवलं. हे भाचीनं धरलं. म्या नुसतं मधात होतो."

सगळे माझ्याकडे वळले. हल्ली मी मीटिंगला एकटी जाते, मामा ऑफिसातच थांबतात, आणि शेजारची जागा कधीकधी फार रिकामी वाटते. पण ते नंतरचं. त्या वेळी शेडमध्ये चहा आला होता, आणि अध्यक्षांनी सवयीने मामांनाच विचारलं, "बाईले साखर कशी?"

मामांनी तोंड उघडलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण त्यांनी तोंड मिटलं आणि ते अर्धं पाऊल बाजूला सरकले. त्यांना मी असं बाजूला उभं कधी पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत तेही त्यांना सुचत नव्हतं. एकदा वाटलं, राहू दे, आणखी एक गोड चहा पिऊन टाकावा.

"तिलेच इचारा," मामा म्हणाले.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. या वेळी वाक्य आधी इंग्रजीत जुळलंच नाही.

"मले बिनसाखरेचा," मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून."