चहा न प्यालेलं रक्त

आमच्या जुन्या लॅबमधली दोन माणसं भेटली, की किस्से आठवावे लागत नाहीत. एकानं एक काढला की दुसऱ्याला त्याहून भारी सुचतो, आणि दर खेपेला त्यात थोडी भर पडते. माझ्या नवऱ्याला सगळे पाठ आहेत. परवा आमचा कुलकर्णी पुण्याहून आला, तेव्हा नवरा बिचारा भाजी आणायला म्हणून गेला तो जेवायलाच परतला.

लॅब कुकटपल्लीला. काम एवढंच, की गोळी घेतल्यावर औषध रक्तात किती उतरतं ते मोजायचं. परदेशी माल मागवणं तेव्हा नुकतंच सोपं झालं होतं. आमच्या राव सरांनी मालकांच्या मागे लागून हे मोजमाप करणारा मास स्पेक्ट्रोमीटर मागवला, तोही स्वतःच्या शब्दावर. एका परदेशी कंपनीचं काम मिळालं तर ठीक. नाही मिळालं, तर यंत्र परत, सर घरी आणि त्यांच्या मागोमाग आम्ही.

*

यंत्र आलं. सरांना पूजा हवी होती. क्वालिटीच्या विजयालक्ष्मी मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. हळद, कुंकू, कापूर, उदबत्ती, कणभरही आत येणार नाही म्हणाल्या.

बराच खल झाला. शेवटी यंत्र ज्या लाकडी खोक्यातून आलं होतं, त्या खोक्याची पार्किंगमध्ये साग्रसंगीत पूजा झाली. नारळ सरांनी स्वतः फोडला. मॅडमनीही रिकाम्या खोक्याला मनोभावे हात जोडले!

*

मॅडमचा एक नियम होता. काही बिघडलं की कारण लिहायचं, आणि ते पुन्हा घडू नये म्हणून काय केलं तेही लिहायचं.

एकदा स्टॅबिलायझरमध्ये पाल शिरली आणि फ्रीझर बंद पडला. फ्रीझर सलीमभाईंच्या ताब्यात. त्यांनी काठीनं पाल हुसकली, फ्रीझर सुरू केला आणि निवांत बसले. मॅडम कागद घेऊन हजर. कारण लिहून झालं, आता उपाय काय?

सलीमभाईंनी जरा विचार केला. "लिखो मैडम, छिपकली कू समझा दिया."

मॅडमनी त्याचं शुद्ध इंग्रजी केलं आणि खाली सही घेतली.

*

मग आली ती त्या परदेशी कंपनीची डोकेदुखीची गोळी. तिच्यात कॅफीन होतं. असल्या कामात आधी औषध नसलेलं कोरं रक्त यंत्राला दाखवावं लागतं. कोऱ्या रक्ताचा आलेख सपाट आला, तरच पुढचं मोजमाप खरं.

रक्तपेढीतून पिशव्या आल्या. पहिल्या पिशवीला आलेखात टेकाड, दुसरीला टेकाड, सगळ्यांनाच टेकाड! यंत्र चालवणारा आमचा कुलकर्णी घाबरला. त्यानं मुंबईहून इंजिनिअर बोलावला. इंजिनिअरनं यंत्र खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. टेकाड जागच्या जागी.

राव सर मात्र खिडकीतून समोरच्या इराणी हॉटेलकडे बघत होते. "अरे, या गावात चहा न प्यालेलं रक्त मिळणार कुठं?"

*

झालं, फर्मान निघालं. कोरं रक्त आम्ही स्टाफनंच द्यायचं आणि तोवर चहा बंद. कॉफी बंद, चॉकलेट बंद. लॅबवर सुतकी कळा आली. कुलकर्णी सगळ्यांवर डाफरायला लागला. सलीमभाई तर सरांपुढे हात जोडून उभे राहिले. "साब, खून जितना होना उतना लेलो, चाय नक्को छीनो."

मीही सोडला. डोकं असं ठणकायचं की भिंतीवर आपटावंसं वाटे. जामबागला आमच्या घरी आईनं शेजारी सांगितलं, की पोरीनं नोकरीसाठी नवस केलाय. वर ती मला आल्याचा काढा करून द्यायला लागली. काय गुण त्या काढ्याचा! एका पेल्यात डोकं उतरायचं.

रक्त दिलं. सगळ्यांचे आलेख सपाट, माझा तेवढा टेकाडासकट. मॅडमनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. मी देवाशपथ सांगितलं की चहाला शिवले नाही. घरी जाऊन आईला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "हौ, टाकत होते चिमूटभर पत्ती. तुझं तोंड बघवेना."

बाबांना जन्मभर आईची एक चोरी पकडता आली नाही. यंत्रानं पहिल्या फटक्यात पकडली.

*

आणि मग तो दिवस. परदेशी कंपनीचा साहेब तपासणीला आला. उंच, अबोल आणि पोटाला फार जपणारा. आमच्या पाण्याला शिवायचा नाही. हॉटेलातून कोलाच्या सीलबंद बाटल्या आणायचा आणि दिवसभर त्याच प्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, फ्रीझरमधलं रक्त नको, ताजं काढा आणि माझ्यासमोर यंत्रात घाला. आमचे चेहरे उतरले. चहाबंदी संपल्याच्या आनंदात आम्ही सगळे सकाळपासून इराण्याकडेच तर होतो! सरांनी खरं ते सांगून टाकलं. साहेबानं बाही वर सारली. त्यानं चहा-कॉफी सोडून वर्षं झाली होती म्हणे, तेव्हा त्याचंच घ्या.

घेतलं. आम्ही श्वास रोखून पडद्याकडे बघत होतो. रेघ सरळ चालली, सरळ चालली, आणि उभा डोंगर! माझ्या आईच्या काढ्याहून मोठा.

साहेबानं पेन काढून कागदावर लिहायला सुरुवात केली, यंत्र अस्वच्छ. मला रडूच यायला लागलं. राव सरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता.

"साहेब, तहान लागली की आपण काय पिता?"

साहेबानं हातातली बाटली उचलून दाखवली.

"त्यातही कॅफीन असतं, साहेब."

साहेबानं बाटलीकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. मग लिहिलेली ओळ खोडली, शेजारी मॅडमना आवडेल अशी नीट सही केली आणि बाटली सलीमभाईंच्या हातात दिली.

"मग आता एक चहा मागवा."